नादारी आणि नारळीभात

आम्ही गरीब होतो. पण ते सिद्ध करणं काही आम्हाला जमलं नाही.

मी तेव्हा डहाणूच्या हायस्कुलात आठवीत होते. गरिबांच्या पोरांना सरकार फी माफ करायचं, त्याला नादारी म्हणत. ती मिळाली तर शाळा, नाहीतर डोक्यावर मासळीची पाटी आणि तलासरीचा बाजार! जूनमध्ये अर्ज केला. चौकशीला कुणी फिरकेल तर शपथ! आणि कचेरीतले भाऊसाहेब उगवले कधी? नेमके नारळी पुनवेला! (मेल्याला वर्षात दुसरा दिवस मिळाला नाही!)

त्या दिवशी दर्याला नारळ द्यायला निघालेली बाई लंकेची पार्वती दिसून चालत नाही. माझी आत्या नुकतीच बाळंत झालेली. तिनं आपले दागिने आईपुढे ओतले. "वैनी, मी खाटेवर नि सोनं पेटीत, काय उपयोग? तुमी तरी घाला!"

आईनं घातले. सगळे!

बाबा आत्याच्या नवऱ्याच्या होडीवर खलाशी. त्यांनी ती होडी रंगवून, पताका लावून, थेट आमच्या दारासमोर ओढून ठेवलेली. अशा थाटात भाऊसाहेब ओट्यावर टेकले आणि आईनं लगेच नारळीभात वाढला. (दारी आलेल्याला उपाशी पाठवायचं? मग तो मुळावर आलेला का असेना!)

"होडी कुणाची?"

"मेव्हण्याची," बाबा म्हणाले.

"सगळे असंच सांगतात. वाढा अजून थोडा. आणि हे सोनं?"

"नणंदेचं," आई म्हणाली.

"हेही सगळ्या सांगतात! घाला, घाला, चमचाभर. अहो, नादारी कसली मागता? तुम्ही तर शेठ!"

आता यावर माणसानं कपाळ बडवावं की नाही? पण बाबांचा चेहरा उजळला! जन्मात त्यांना कुणी शेठ म्हटलं नव्हतं. शेजारच्या काकांना हाक मारून म्हणाले, "ऐकलंस का रे?" वर शेठजींनी भाऊसाहेबांना दोन नारळ बांधून दिले!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "सोनं आत्याचं, होडी आत्याच्या घरची!" मी किंचाळले. "आमचा फक्त हा भात आहे, नि तो तुम्ही तिसऱ्यांदा घेताय!"

भाऊसाहेबांनी हात धुतले, आणि आम्ही नादारीवर पाणी सोडलं.

आई भडकली, पण कुणावर? माझ्यावर! "पाहुण्याचा घास काढतेस? जीभ आहे का कोयता?"

दुसऱ्या दिवशी आत्याचे दागिने परत गेले. आईच्या अंगावर खरंखुरं आमचं असं उरलं ते कानातल्या बुगड्या. शाळेतून नाव कापायची वेळ आली तेव्हा त्याही सोनाराकडे गेल्या आणि माझी फी भरली गेली. ते मोकळे कान आठवले की आजही त्या माणसाचा राग येतो. अस्सा राग येतो!

पुढे मी तलासरीच्या शाळेत मास्तरीण झाले. आता नादारीच्या चौकशीला जवळच्या वेवजी गावात घरोघर मीच जाते. कुणाकडे पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नाही, अशी शपथ घेऊन निघते. पहिल्याच घरी गरम भाकरी आणि सुकटीची चटणी पुढे येते, आणि शपथ गेली उडत! तीनदा वाढून घेते!

पण अर्जावर 'अत्यंत गरीब' असं लिहिल्याशिवाय हात धूत नाही. मी निदान खाल्ल्या भाकरीला जागते!