कोल्हिणीच्या ओळखीचा कोट

सकाळची घाई. एका शेगडीवर दूध, दुसरीवर चहा, आणि आतून आमच्या ह्यांचा रोजचा पुकारा, "माझा दुसरा मोजा कुठंय?" तेवढ्यात दारावर टकटक झाली. इतक्या सकाळी कोण कडमडलं म्हणत दार उघडलं, तर शेजारचे फोटोवाले काका. गळ्यात कॅमेरा, हातावर कोट. अंगात मात्र नुसता सदरा, आणि थंडीने ओठ पार निळे.

"अहो, कोट हातात घेऊन कुडकुडताय काय?"

ते स्वयंपाकघरातल्या स्टुलावर टेकले. मी कप पुढे केला. तो दोन्ही हातांत धरून नुसते बसून राहिले.

काकांचा चौकात स्टुडिओ होता. आमच्या गल्लीतल्या प्रत्येकाची हनुवटी त्यांनी बोटाने वर केलेली, आणि "हलू नका" म्हणून दम भरलेला. पुढे जो तो आपापल्या फोनवर फोटो काढायला लागला आणि स्टुडिओ बंद पडला. तेव्हापासून काका स्वतःच न हलता बसतात, गावाबाहेरच्या बंद वीटभट्टीमागे. तिथे एका कोल्हिणीचं बीळ आहे. सुरुवातीला ती त्यांच्या चाहुलीनेच पळायची. मग लांबून बघत बसायला लागली. एक दिवस तर त्यांच्याकडे पाठ करून निवांत अंग चाटत बसली. "पाठ केली म्हणजे मिळवलं," काका तेव्हा म्हणाले होते. लेकाच्या लग्नातही मी त्यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं.

हे सगळं त्या कोटाच्या जिवावर. कोल्हीण माणसाला नाकाने ओळखते, म्हणून सगळा हिवाळा अंगावर तोच कोट, एकदाही न धुतलेला. आता बिळात पिल्लं आहेत. आई आणि पिल्लं बिळाच्या तोंडाशी, एवढा एकच फोटो काकांना हवाय.

"आज एक पिल्लू आईच्या मागून बाहेर आलं होतं," चहाकडे बघतच ते म्हणाले. "मी कॅमेरा उचलायच्या आधीच तिने नाक वर केलं, पिल्लाला मानेला धरलं आणि आत गेली. परत आलीच नाही. कोट काढून लांब ठेवला, तरी नाही."

मी कोट हातात घेतला. गुलाबाच्या साबणाचा भपकारा. बाह्यांना इस्त्रीची कडक घडी.

"सूनबाई?"

"काल सुट्टी होती ना तिला. म्हणाली, बाबा, असे गबाळे हिंडता, लोक मला नावं ठेवतील." ते जरासं हसले, पण त्यात जीव नव्हता. "आणखी एकदा बुजली तर पिल्लं दुसरीकडे हलवेल. मग शोधत फिरायचं त्राण नाही गं माझ्यात. गुडघे केव्हाचे पुरे म्हणतायत."

हे एका पायात मोजा घालून बाहेर आले. "काका, इतक्या दिवसांत एखाद्या कोल्हिणीने तुमचाच फोटो काढून दिला असता."

"तिला सांग की मग, हनुवटी जरा वर घे म्हणून," काका म्हणाले. नुसती जुनी सवय.

हे मोजा शोधायला परत आत गेले. मी विचारलं, "सुनेला बोललात काही?"

"काय बोलू? हे बघ." त्यांनी कोटाचं मधलं बटण अंगठ्याने चाचपलं. "कधीचं तुटलं होतं. घरभर कपडे धुऊन दमली होती, तरी बसून लावलं तिने. मी छान झालंय म्हटलं."

दूध उतू जायला आलं म्हणून मी वळले. गॅस बंद करून बघते, तर काका उठून मागच्या खिडकीशी उभे. अंगणात माझा पालापाचोळ्याचा ढीग आहे, झाडांना खत म्हणून कुजत घातलेला. त्याकडे ते बराच वेळ बघत होते.

"पोरी," ते म्हणाले, "हा कोट थोडे दिवस तुझ्या त्या ढिगात पुरून ठेवू दे."