गोलपोस्टजवळचं पाऊल

मंगळवारी सकाळी पावणेसात वाजता मी शाळेच्या मैदानावर खराटा घेऊन वाघाचं पाऊल पुसलं. हो, मीच. हे सांगायला लाज वाटते... पण लिहिणार आहे.

नव्यांसाठी सांगते, मी सिंदेवाहीजवळच्या एका गावात खेळाची शिक्षिका आहे. माहेर बल्लारपूर, म्हणजे जंगल मी रेल्वेच्या खिडकीतून पाहिलेलं! सात वर्षांपूर्वी इथे आले आणि मुलींची फुटबॉल टीम उभी केली. आमच्या मैदानाची एक बाजू सरळ जंगलाला लागून आहे.

तर झालं असं... आपला देश फुटबॉलच्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेचं यजमानपद मागतोय. त्या अर्जासोबत एक फिल्म जाणार होती, गावोगावच्या पोरी कशा खेळतात ते दाखवणारी. आणि त्यात चक्क आमच्या पोरी! अर्धा मिनिट का होईना, बाहेरचं जग बघणार होतं त्यांना.

आठ दिवस पोरी हवेत होत्या. एकीने तर घरी जाहीर करून टाकलं, "आपल्या देशाले मॅच भेटली तं आमच्याच्यानं भेटन!"

आणि मंगळवारी, फिल्मवाले यायच्या तासभर आधी, जंगलाकडच्या गोलपोस्टपाशी मला ते पाऊल दिसलं. दवाने ओल्या झालेल्या मातीत, माझ्या पंजापेक्षा मोठं, अगदी ताजं. खाली बसून पंजा शेजारी धरून पाहिला.

इथली रीत शाळेतल्या लहान पोरालाही पाठ आहे. ठसा मोडू नये म्हणून पावलावर घमेलं पालथं घालायचं आणि वनरक्षकाला फोन लावायचा. मी फोन हातात घेतलाही होता हो... पण फोन केला की मैदान बंद, शूटिंग रद्द. मागच्या वर्षी मैदान दोन महिने बंद होतं, तेव्हा चार पोरी घरी बसल्या त्या बसल्याच.

मनाला समजावलं, येऊन गेला असेल. पोरी आल्या की एवढा गलका, त्यात तो कशाला थांबतोय? आणि खराटा फिरवला. अक्कल गहाण ठेवणं म्हणतात ना, ते हेच.

फिल्मवाला भाऊ नागपूरचा, हिंदी बोलणारा, भारी हौशी. त्याला धुकं पाहिजे, मागे जंगल पाहिजे. पोरींचा खेळ शूट झाला आणि मग म्हणाला, आता गोलकीपर एकटी. जंगलाकडे पाठ, हात गुडघ्यावर, थोडं वाकून.

गोलकीपर म्हणजे आमची रोशनी, नववीतली. एरवी चेंडूसाठी दगडगोट्यांवरसुद्धा उडी घेईल अशी. पण ती सरळच उभी. भाऊ दोनदा म्हणाला, "बेटा, थोडा झुको..." ती हलेना.

"मॅडम, मी नाई वाकत."

का, ते मला माहीत होतं. इथे मोहफुलं वेचायला बायका वाकतात आणि त्याच वेळी घात होतो. वाकलेला माणूस वाघाला जनावर वाटतो म्हणतात. रोशनीची आई दर उन्हाळ्यात मोह वेचते, तिनेच पोरीला बजावलंय, जंगलाकडे पाठ करून वाकायचं नाही. हे सगळं माहीत असून मी काय म्हणावं? "अगं एकच मिनिट... वाक ना!"

रोशनीने पायाशी पाहिलं. मग माझ्याकडे.

"मॅडम, साऱ्या ग्राउंडवर पालापाचोळा हाय. इथलंच काऊन झाडलं?" आणि मग एकदम हळू, "थो आलता का?"

थो म्हणजे तो. इथे त्याचं नाव घेत नाहीत. भाऊला काही कळलं नाही, तो आपला कॅमेऱ्याला डोळा लावून "बढिया, बढिया" करत होता.

"नाही गं" म्हणायला कितीसा वेळ लागतो? पण तिच्या पाठीशी झुडपं होती आणि त्यांत काय आहे, मला माहीत नव्हतं...

"आलता," म्हटलं. "रोशनी, पळू नको. माझ्याकडे बघत चालत ये."

गोलपोस्टपासून माझ्यापर्यंत वीस-पंचवीस पावलं असतील. बाई गं... ती संपता संपेनात. मग सगळ्या पोरींना एकत्र केलं, मोठमोठ्याने बोलत वर्गात नेलं आणि दार लावून घेतलं. निघतानाच एकीने भाऊला हिंदीत समजावलं, तसा तो ट्रायपॉड तिथेच टाकून आमच्या पुढे वर्गात.

वर्गातून फोन केला, तसे वनरक्षक आले. गोलपोस्टच्या मागे, झुडपात, गवत दबलेलं सापडलं. हात लावून म्हणाले, "बसून होता जी मॅडम. आत्ताच उठून गेला."

पोरींसमोरच मी त्यांना खराट्याचं सांगितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं... त्यांनी फक्त वहीत लिहून घेतलं.

मैदान बंद झालं. फिल्ममध्ये आम्ही नाही.

काल रोशनीची आई शाळेत आली. मला वाटलं, पोरीचं नाव टीममधून काढायला आली, आणि काढलं असतं तर मी कोणत्या तोंडाने थांबवणार होते? ती बाकावर बसली, पाणी प्यायली.

"पोरगी खेलन जी. मी नाई बंद करत. थो येते, जाते, आमाले मालूम हाय. पन तुमीच नाई सांगान, तं आमी कोनाले इचारावं?"

मी तिचे हात धरले आणि रडले.

देशाला स्पर्धा मिळावी, मनापासून वाटतं. पण माझी भीती अजून गेलेली नाही, आणि ती वाघाची नाही. "वाक ना" म्हणणारा आवाज माझा होता... रोज पोरींना सांगते, मॅडमचं ऐकायचं. रोशनी, तू ऐकलं नाहीस. तुझे फार उपकार आहेत पोरी.