मिरचीच्या मुळाशी रुमाल

परतवाड्यातल्या दोन खोल्यांत मी भाजीपाल्यासाठी चांगले बॅक्टेरिया वाढवते. मूळकूज रोखणारे. त्यांची भरलेली बाटली विकून इथून बाहेर पडली की तिचं पुढे काय होईल याचा नेम नाही, म्हणून आमच्याकडे मालापेक्षा किस्सेच जास्त साठलेत. एकट्या गजूभाऊंचेच ऐका.

*

गजूभाऊंची मिरची मागचे दोन हंगाम मुळापासून सडली होती. आले ते गुरगुरतच. "वावरात जंतू कमी हायेत काय ताई, तं तुमी आनखी विकून राह्यल्या?"

मी म्हटलं, "भाऊ, एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरता ना? हे मुळाशी तसेच आधी जाऊन बसतात. मग रोगाच्या बुरशीला जागाच मिळत नाही."

पटलं त्यांना. "पन यंदा मिरची गेली, तं मी मिरचीचं नाव सोडलं. अन तुमचं बी," असं बजावून बाटली घेऊन गेले.

*

दुसऱ्या दिवशी फोन. "ताई, लय वास येऊन राह्यला." चौकशी केली, तर त्यांच्या आईनं बाटलीतलं सगळं पातेल्यात ओतून खळखळ उकळलं होतं. मागून त्या काकूंचाच आवाज आला, "डॉक्टरच म्हनते ना, उकळलं की जंतू मरतात!"

बरोबरच होतं त्यांचं. सगळे मेले होते. मी दुसरी बाटली दिली.

*

दुसरी बाटली गजूभाऊंनी स्वतः हाताळली. ड्रममध्ये तिच्यासोबत बुरशीनाशकही ओतलं. का, तर डबल पावर.

"अहो भाऊ, त्यानं माझे बॅक्टेरियाही मरतात. बाटलीवर लिहिलंय."

"बाटली वाचाले घेते का कोनी?"

डोकंच फिरलं माझं. तिसरी बाटली मी त्यांच्या हातात दिलीच नाही. शेजारच्या वावरात वांगी लावणारे रहीमचाचा माझं जुनं गिऱ्हाईक, त्यांच्याकडे दिली. चाचांनी ऊन उतरल्यावर ती शेणखतात मिसळून मिरचीच्या बुडाशी घातली आणि गजूभाऊंना बांधावर बसवून ठेवलं. "तू सिर्फ देख. हात मत लगा."

*

मग लागली झड. वावरात पाणी तुंबलं. गजूभाऊंचा फोन येईना, मला घास जाईना. उघडीप होताच गाडी काढली.

वाटेतल्या एका वावरातली मिरची माना टाकून उभी होती. मी गाडी आणखी दामटली. पोचताच गजूभाऊंनी आपलं एक झाड उपटून माझ्यासमोर धरलं. मुळं पांढरीशुभ्र, कूज कुठंच नाही. मला रडूच आलं, आणि ते दुसरीकडे बघत राहिले.

तेवढ्यात अकोल्याच्या कुठल्याशा दुकानाचा माणूस पाठीवर पंप घेऊन आला. "भाऊ, फुकट डेमो देतो. जमिनीतले सगळे जंतू साफ."

गजूभाऊंनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, झटकला आणि बांधावर आडवा पसरला.

"जागा भरली," ते म्हणाले. "तू मागच्या गाडीनं जाय."