रेसचा शॉकअप आणि कोंडीरामचा हात

नगरच्या एमआयडीसीत कुणालाही विचारा, शॉकअप चांगला की खराब हे नुसत्या हातानं कोण सांगतो, तर बोट एकाच शेडकडे जायचं. लगड सस्पेन्शन, तपासणीचं टेबल, कोंडीराम घोडके. माणूस अंगानं किरकोळ, बोलायला मोजका, पण उजवा हात असा की खुद्द मालक गोरक्षशेट लगड पाहुण्यांना तो दाखवत फिरायचे. यंत्र दाखवायच्या आधी हात दाखवायचे!

कोंडीराम मूळचा काष्टीचा. तिथल्या आठवडी बाजारात तो टेम्पोत जनावरं चढवून द्यायचा. अठ्ठ्याहत्तर साली नगरला आला आणि लगड शेटकडे चिकटला तो चिकटलाच. काम एकच. स्प्रिंग चढवण्याआधी शॉकअप टेबलावर उभा धरायचा, वरच्या दांड्यावर तळहात ठेवून तीनदा दाबायचा, तीनदा वर येऊ द्यायचा. आतलं तेल बारीक भोकांतून कसं सरकतंय ते त्याच्या तळव्याला कळायचं. पास असेल तर डावीकडं, नापास तर उजवीकडं. एकदा त्यानं मोपेडचे चारशे शॉकअप एका दमात उजवीकडं सारले. शेट खवळले, सुपरवायझरनं त्याला खुळ्यात काढलं, आणि मग निघालं काय, तर तेलाचा डबाच भलता आला होता. त्या दिवसापासून कोंडीरामच्या हातावर शंका घेणं म्हणजे लगड सस्पेन्शनमध्ये पाप.

आणि मग सत्त्याण्णव साली रेस आली.

सावेडीचा तुषार नावाचा एक पोरगा मातीच्या ट्रॅकवर मोटारसायकल उडवायचा. उडवायचा म्हणजे खरोखर उडवायचा, पुरुषभर उंच. परदेशी शॉकअप त्याला परवडेना, तेव्हा तो शेटकडे आला. शेटना वाटलं, रेसच्या गाडीखाली आपलं नाव गेलं तर पुण्याच्या मोठ्या कंपन्या दारात येतील. त्यांनी जयमाला नावाची नवी इंजिनिअर नेमली, एक यंत्र घेतलं आणि रेसचा शॉकअप बनवायला घातला.

कोंडीरामच्या डोक्याचा गोंधळ तिथून सुरू झाला. आजवरचं गणित सोपं होतं. बसणाऱ्याला धक्का लागला नाही की शॉकअप चांगला. इथं सगळं उफराटं. तुषार म्हणे, मला धक्का लागू दे, पण चाक जमिनीला चिकटलं पाहिजे. जयमाला म्हणे, खाली जाताना मऊ हवा आणि वर येताना कडक. शॉकअपच्या तळाशी एक खटका होता. फिरवला की टिक टिक वाजायचा. पूर्ण आवळून मग टिका मोजत सैल करायचा. एक टीक इकडं की तुषार म्हणायचा "मेला", एक टीक तिकडं की म्हणायचा "जिवंत झाला".

"म्याडम, लोखंडाला कसलं मरान आन् कसलं जगनं?" कोंडीरामनं विचारलं.

"गंमत आहे खरी, काका," जयमाला म्हणाली, "पण यंत्रावरची रेघ बघा, कळेल." त्यानं रेघ बघितली. मेथीच्या जुडीची दोरी सुटावी तशी वाकडीतिकडी रेघ. काही कळलं नाही. बाई हुशार होती, माणूस म्हणूनही गोड होती, पण तिचं बोलणं त्याच्या कानातून आत जायचं आणि कुठंतरी बसायला जागा न मिळाल्यासारखं परत यायचं.

पुण्याच्या रेसला जायचा शॉकअप तयार झाला. जयमालानं आठ टिका लावल्या आणि पॅकिंगला दिला. वाटेत तो कोंडीरामच्या टेबलावर आलाच. त्याच्या हाताखालून गेल्याशिवाय इथून खिळाही बाहेर पडत नसे. त्यानं तीनदा दाबला आणि कपाळाला आठ्या पडल्या. कडक. वर येताना तर असा रेंगाळत येत होता, जसा सासरहून निघालेला जावई. पोरीनं चूक केली, त्याच्या मनानं घेतलं. सांगायला जावं तर ती यंत्रापाशी शेटबरोबर बोलत उभी. चारचौघांत तिची चूक काढायची? बरं दिसलं नसतं. त्यानं भल्यासाठीच तीन टिका सैल केल्या, पुन्हा दाबून बघितलं, झकास वाटलं, आणि शॉकअप डावीकडं सारला. कुणाला काही बोलला नाही.

रेसमध्ये तिसऱ्या फेरीपर्यंत तुषार पहिला होता. चौथ्या फेरीत मागचं चाक उधळलं. उडी मारून गाडी खाली आली ती पुन्हा उसळली, आणि तुषार खांद्यावर पडला. हाड मोडलं.

शेट पुण्याहून आले ते लालबुंद होऊन. "पोरगं वाचलं हे नशीब! यंत्रं आणली, इंजिनिअर आणल्या, आणि कोंडीरामला विचारायची अक्कल नाही कुणाला!" जयमालाला त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, या महिनाअखेर रेसचं काम बंद आणि तुमचंही. ती खाली मान घालून उभी राहिली. कोंडीरामला काय वाटलं ते त्याचं त्यालाच समजेना. आपण तर चूक दुरुस्त केली होती. मग चाक उधळलं का?

दुसऱ्या दिवशी जयमालानं परत आलेला शॉकअप यंत्रावर चढवला. आधी कोंडीरामला बोलावून दाबायला लावला, तेव्हा तो गार होता आणि अगदी झकास होता. मग तिनं यंत्र दहा मिनिटं चालवलं. वर खाली, वर खाली. शॉकअप असा तापला की हाताला चिंधी गुंडाळावी लागली. "आता दाबा, काका."

त्यानं दाबला. आत काही नव्हतंच. दांडा भसकन खाली गेला, भसकन वर आला.

"तापलं की तेल पातळ होतं," ती म्हणाली. "रेसमध्ये तीन फेऱ्यांत एवढा तापतो. म्हणून गार असताना कडकच ठेवावा लागतो." बास, एवढंच होतं ते. एकोणीस वर्षांत कोंडीरामनं लाखभर शॉकअप दाबले असतील, पण सगळे गार. तापलेल्याला त्यानं कधी हातच लावला नव्हता.

रविवारी विहारात वंदना झाली. पंचशील म्हणताना चौथ्या शीलापाशी, 'मुसावादा वेरमणी'पाशी, तो अडखळला. खोटं बोलणार नाही. पण गप्प राहणं खोट्यात धरायचं का? सोमवारी सकाळी तो शेटच्या केबिनमध्ये गेला आणि सगळं सांगून मोकळा झाला.

शेट पोट धरून हसले. "कोंडीराम, पोरीला वाचवायला निघालास होय? मन मोठं आहे तुझं. पण मला शेंडी लावू नकोस. तुझा हात चुकतो, हे ब्रह्मदेवानं सांगितलं तरी मी ऐकणार नाही. जा, कामाला लाग."

बाहेर येऊन तो जयमालासमोर उभा राहिला. "म्याडम, त्या टिका मी सैल केल्या."

"मला ठाऊक आहे. आठ लावल्या होत्या, शॉकअप परत आला तेव्हा अकरा होत्या. पहिल्याच दिवशी मोजल्या."

"मंग बोलला का न्हाई?"

तिनं त्याच्याकडं सरळ बघितलं. "तुमच्या हाताविरुद्ध माझं कोण ऐकणार होतं, काका?"

कोंडीरामला कुणी मुस्काटात मारली असती तर बरं वाटलं असतं. ज्या हाताचं कौतुक त्यानं एकोणीस वर्षं ऐकलं, तोच हात त्या पोरीच्या तोंडावर होता. शरमेनं त्याला दुपारचा डबा जाईना. पण सुचलं मात्र त्यालाच. शेट डोळ्यांनी बघितल्याशिवाय मानणार नाहीत. मग दाखवू. पाच शॉकअप तापवायचे, तीन आठ टिकांचे आणि दोन अकराचे, आणि सगळ्यांसमोर हातानं ओळखायचे. आपण मुद्दाम उलटे सांगायचे. हात एकदाचा खोटा पडला की पोरगी सुटली. खरं सांगून कुणी ऐकत नाही ना, तर खोटं करून दाखवू. शीलाचं काय करायचं, ते पुढच्या रविवारी बघू.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाळी बदलताना सगळी शेड जमली. शेट खुर्ची टाकून तमाशा बघायला बसले. पाचही शॉकअप तापून टेबलावर उभे, टिका फक्त जयमालाला माहीत. कोंडीरामनं चिंधी गुंडाळली आणि पहिला दाबला. भसकन गेल्यासारखा लागला. दुसरा दाबला. तोही तसाच. तिसरा, चौथा, पाचवा. तो पुन्हा पहिल्याशी आला. जो तळवा केसाएवढा फरक सांगायचा, तो भिंतीला लावल्यासारखा मुका झाला होता. उलटं सांगायला आधी सुलटं तरी कळायला हवं! घाम कानामागून वाहू लागला. पाचांतला एकही त्याच्याशी बोलायला तयार नव्हता.

"सांग की," शेट म्हणाले.

"शेट, कळंना."

"नाटक बंद कर, कोंडीराम."

"आईशप्पत न्हाई कळत, शेट. सगळं येकच लागतंय." आणि त्याचे डोळे भरून आले. चिंधी गुंडाळलेला हात तो नुसता बघत राहिला, दुसऱ्याचा असल्यासारखा. शेटनी खूप माणसं बघितली होती. खोटं रडणं त्यांना ओळखता यायचं आणि हे तसलं नव्हतं. ते उठले, जयमालाच्या यंत्रापाशी गेले, आणि म्हणाले, "त्या रेघेत काय असतं ते मला सांगा, मॅडम. पहिल्यापासून सांगा."

जयमालाचं काम राहिलं. रेसचंही राहिलं. पण त्या दिवशी घंटा झाली तरी कोंडीरामच्या जवळ कुणी आलं नाही.

घरी तो डोळे पुसत उंबऱ्यातच बसला. बायको भागिरथी पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिला सकाळीच सगळा बेत सांगून झाला होता.

"काय झालं? सुटली का पोरगी?"

"सुटली."

"मंग बोललाच म्हना शेवटी खोटं."

"न्हाई गं," कोंडीराम म्हणाला. "बोलायला गेल्तो खोटं. निघालं खरं."

"मंग चांगलं झालं की! रडताय कशापायी?"

त्यानं तांब्या घेतला, तोंडाला लावला, पुन्हा खाली ठेवला.

"त्येच कळंना," तो म्हणाला.