हद्दीबाहेर बावीस मिनिटं

चूक माझी होती. साहेबांची नंतर. आधी माझी.

दोन हजार सोळाची गोष्ट. देवरीत आमच्या संस्थेचं ऑफिस होतं. अकरा बाया गावोगावी घरं फिरून आजारांची माहिती भरायच्या. मी त्यांचा सुपरवायझर. संस्थेनं मोबाइल दिले, ते मीच वाटले. "फॉर्म भराले हाय," इतकंच सांगितलं. बाई कुठं आहे, किती वेळ थांबली, हेही तो मोबाइल दिवसभर टिपतो, हे सांगितलं नाही. मला माहीत होतं.

सोमवारच्या मीटिंगला साहेब गोंदियाहून आले. प्रोजेक्टरनं भिंतीवर नकाशा पाडला. प्रत्येक बाईला नेमून दिलेली हद्द, आणि तिचा एक लाल ठिपका. मला यादीचा कागद देऊन म्हणाले, "पढ़ो."

मी वाचलं. "पुस्तकलाबाई. सलग तीन दिवस. दुपारी हद्दीबाहेर, बावीस मिनिटं."

मागं बसलेला ड्रायव्हर फिसकन हसला. "बाहेरच झाली असंल, साहेब."

बाईला पाळी आली की आमच्याकडे 'बाहेर झाली' म्हणतात. खोलीतले पुरुष हसले. मीही हसलो. आणि वर विचारलं, "बोडीच्या मागं, तळ्याकाठच्या झुडपात, रोज काय करून राहिल्या?"

पुस्तकलाबाई उभ्या राहिल्या. मला नेहमी भाऊ म्हणायच्या.

"सर," त्या म्हणाल्या, "ड्रायव्हरनं बरोबर सांगतलं. बाहेरच होती. कपडा बदलाले गेली होती. त्या गावात आमाले कोन आपला संडास देते? एक जागा होती, ते बी तुमच्या भिंतीवर आली. आता कुठी जाऊ?"

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "ठीक है. आगे से जाने के पहले सुपरवाइज़र को फोन करेंगी."

म्हणजे बाईनं झुडपात जायच्या आधी मला कळवायचं. हा नियम मी वहीत लिहिला. सुवाच्य अक्षरात. खाली सही केली.

एकीनंही फोन केला नाही. त्यांनी दिवसभर पाणी पिणंच सोडलं. हे मला बायकोनं सांगितलं, बाजारात ऐकून. मी जेवत होतो. जेवण संपवलं.

मग आमगावला काका वारले. मी रजेचा अर्ज टाकून गेलो. नदीकाठी सरण पेटलं होतं. खिशातला संस्थेचा मोबाइल वाजला. साहेब.

"दो घंटे से नदी पर हो. मछली पकड़ रहे हो क्या?"

"अभी निकलता हूँ, सर," मी म्हणालो. आणि निघालो. चिता जळत होती, चुलतभाऊ बघत होता, मी मोटरसायकलला किक मारली.

देवरीच्या रस्त्यावर मी गाडी जोरात हाणली. रागानं. माणूस कुठं उभा आहे हे ठिपका सांगतो. काऊन उभा आहे, हे विचारायचा हक्क यांना कोणी दिला? साहेबांचा ठिपका त्या नकाशावर मी कधी पाहिला नव्हता. साहेबांना ठिपका नसतो. तो आम्हाला असतो. आणि बायांच्या हाती तो मी दिला होता.

पुढच्या सोमवारी साहेब म्हणाले, "पढ़ो."

मी कागद उलटा ठेवला. "नहीं पढ़ूँगा. फॉर्म गिन लीजिए. औरत कहाँ बैठी, वो मैं नहीं पढ़ूँगा."

"नौकरी करनी है ना?"

मी मोबाइल हातात घेतला, आणि लोकेशन कुठून बंद होतं ते साहेबांसमोर अकराही जणींना दाखवलं. दोघींना जमलं नाही. त्यांना पुन्हा दाखवलं.

मग पुस्तकलाबाईंकडे वळलो. बाजूला बोलावून माफी मागणं सोपं गेलं असतं. पण मी त्यांना सगळ्यांसमोर उघडं पाडलं होतं.

"बाई, हा मोबाइल तुमच्यावर नजर ठेवते, हे मले पयल्या दिवशीच मालूम होतं. मी लपवलं. तुमाले भर मीटिंगमध्ये इचारलं, हासलो, वरून तो नियम बी मीच लिवला. साहेबाच्या सांगण्यावरून केलं असं मी म्हननार नाही. माह्यी चुकी झाली. माफ करा न करा, ते तुमच्या मनावर."