नाही म्हणायचा सराव

थोरला भाऊ गेला तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो. त्याला आम्ही अण्णा म्हणायचो. आमच्या मंठाळ गावाच्या बाहेर शिंदीचं दुकान होतं. अण्णा तिथं प्यायचा, कवड्यांवर जुगार खेळायचा. एक बैलही त्यानं डावात घालवला. एका सकाळी तो ओढ्यात पालथा सापडला. पाणी घोट्याएवढंच होतं.

मला रडू आलं नाही. माती झाली, लोक पांगले, मी जनावरांना वैरण टाकली. जेवण जात होतं, झोप येत होती. आत काहीच हलत नव्हतं.

पंधरा दिवसांनी, बाजारादिवशी, अण्णाचे सोबती मला दुकानावर घेऊन गेले. त्यांच्या मनात वाईट नव्हतं; त्यांनाही तो गेल्याचं लागलं होतं. मी प्यालो. बरं वाटलं असंही नाही. पण तिथं कुणी काही विचारत नव्हतं, म्हणून पुढच्या बाजारीही गेलो.

तिसऱ्या खेपेला भरदुपारी अक्का आली. माझी थोरली बहीण. नवरा वारल्यापासून माहेरीच असायची. ती समोरच्या दगडावर बसून राहिली. माणसं बघू लागली. शेवटी मीच उठलो.

वाटेत तिनं विचारलं, "कामून जायलास?"

मला ठाऊक नाही, म्हणालो.

"काय वाटायलंय तुला?"

"काहीच न्हाई."

ती म्हणाली, "काहीच न्हाई, तर तेवढंच मला येऊन सांगत जा. रोज सांग. पर तिथं जाऊन सांगू नगंस."

त्या दिवसापासून दिवेलागणीला मी चुलीपाशी बसून "काही न्हाई" एवढंच सांगायचो. ती भाकरी थापत हुंकार द्यायची. मग सरावासाठी ती अण्णाच्या सोबत्यांचा आवाज काढून मला दुकानावर बोलवायची, आग्रह करायची, अण्णाची आण घालायची. मी नाही म्हणायचं. पहिल्यांदा मी कारणं सांगू लागलो. कारण सांगत बसू नको, कारणाला लोक उत्तर शोधतात, असं ती म्हणायची.

पुढच्या बाजारी सोबत्यांनी हाक मारली. "मला यायचं न्हाई," म्हणालो. ते हसले. पुन्हा एकदा बोलवलं, नंतर सोडून दिलं. मी फार खंबीर होतो असं नाही. घोकलेलं तेवढं तोंडी आलं.

रडू आलं ते वर्षभरानं, ज्वारी काढताना, कारण नसताना. विळा खाली ठेवून बसलो. अक्का शेजारच्या ओळीत पात धरून होती. तिनं माझी पात पुरी केली.

पुढं गल्लीतली आणखी चार पोरं हाच सराव करायला चुलीपाशी येऊ लागली. तिघं टिकली. चौथा महिनाभरानं यायचा थांबला, तो दुकानावरच दिसायचा. अक्का तरीही पाण्याला त्याच्याच दारावरून जायची. विहीर दुसऱ्या बाजूला होती.