सोमारीबाईचं गोंदण

गोंडपिपरी तालुक्यातल्या एका उपकेंद्रात मी एकोणीस वर्षं नर्स आहे. त्यातली सोळा वर्षं सोमारीबाई आत्राम माझ्या सोबत होती. सोबत म्हणजे काय, पगार माझा आणि काम तिचं. जंगलाला लागून गोंडांचा टोला, म्हणजे छोटी वस्ती आहे, तिथली ती दाई. बेताची उंची, काळाभोर रंग, आणि दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत हिरवंगार गोंदण. लग्नाआधी तिच्या आईनं समोर बसून ते गोंदवून घेतलं होतं. "सोनं-चांदी इथीच राह्यते सिस्टर, मेल्यावर गोंदनच तेवढं संग येते," असं ती सांगायची. कळा देऊन बाई थकली की सोमारीबाई तोच हात तिच्यापुढे धरायची. "धर. दाब. तुटत नाई." बायका त्या हाताला लोंबकळायच्या, नखांचे वळ उठायचे, आणि ही मात्र पान चघळत गप्पा मारत राहायची.

एका पावसाळ्यात नाल्याला पूर आला आणि रस्ता तुटला. टोल्यावरची रीता अडली होती. बाळ पायाळू. फोन लागेना, गाडी येईना. ट्रेनिंग घेतलेली मी, भिंतीवर प्रमाणपत्र टांगलेली मी, नुसती फोनच लावत बसले. सोमारीबाईनं मला बाजूला केलं. म्हणाली, "तुमी पानी गरम करा, तेवढं जमन तुमाले." मी पाणी गरम केलं. तासाभरात पोरगा रडला.

तो प्रसंग मी लिहून काढला, माझ्या फजितीसकट. नागपूरच्या एका दिवाळी अंकात तो छापून आला आणि मी चार दिवस हवेत होते.

दोन वर्षांनी मुंबईहून नूतन मॅडम आल्या. सिनेमा करायचा म्हणाल्या. टोल्यावर चपला काढून चटईवर बसल्या, आंबील प्यायल्या, सोमारीबाईच्या पाया पडल्या. "ही तुमचीच गोष्ट आहे, आजी." मी तर विरघळलेच. माझ्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली. आम्ही वाचून, पारखून बोलणारी माणसं, असा मला अभिमान. पडद्यावर आमच्या लोकांना कसं दाखवतात तेही मी लहानपणापासून बघितलेलं: मळका सदरा, जोडलेले हात, खाली मान. तरी मी भुलले. कराराचे कागद मी स्वतः वाचले. 'कथेत आवश्यक ते बदल करण्याचा अधिकार' असं एक वाक्य त्यात होतं. नाव-गाव बदलतील, आणखी काय, असं मला वाटलं. सोमारीबाईला वाचता येत नाही. तिनं माझ्याकडे बघून विचारलं, "देऊ अंगठा?"

"द्या," मी म्हणाले.

शूटिंगच्या आधी मेकअपवाल्यांनी तिला बोलावून घेतलं. सोमारीबाईचं काम करणारी मुंबईची एक गोरीपान नटी खुर्चीत बसलेली. सोमारीबाईचा हात तिच्या हाताला लावून एक मेकअपवाला रंग कालवत होता. एक थर झाला, दोन झाले. "अजून आजीएवढं काळं नाही झालं," तो म्हणाला आणि सगळे हसले. मीही हसले. मग मॅडमना विचारलं, "आपल्या जिल्ह्यात सावळ्या पोरी काय कमी आहेत?" तर म्हणाल्या, "ताई, चेहरा ओळखीचा लागतो." मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याचा मला आजही राग येतो.

गोंदण कागदावर उतरवून घेऊ द्यायला सोमारीबाई आधी तयार नव्हती. ते आईनं दिलेलं, परक्याला कसं द्यायचं? एक दिवस ती विचार करत राहिली. मग स्वतःच येऊन बसली. मला म्हणाली, "आमच्यात गोंदन मायनं पोरीले द्यावं लागते. मले पोरगी नाई. हे पोट्टी मी होऊन राह्यली, म्हंजे माहीच पोरगी झाली ना?" चार दिवस ती हात पसरून बसली. एकेक ठिपका, एकेक फांदी त्या माणसानं कागदावर घेतली आणि मग नटीच्या हातावर काढली. शेवटच्या दिवशी सोमारीबाईनं त्या पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला, कडाकडा बोटं मोडली. नटीचे डोळे भरून आले. खोटं कशाला सांगू, माझेही भरले.

मार्चमध्ये सिनेमा लागला. आम्ही जीप करून चंद्रपूरला दुपारच्या खेळाला गेलो. सोमारीबाई नवं लुगडं नेसली होती. टोल्यावरच्या बाया होत्या, रीता होती, तिचा पोरगाही होता.

पडद्यावर आली ती शहरातून जंगलात आलेली डॉक्टरीण. नटी दुसरीच, दुधासारखी गोरी, पांढरा कुर्ता. अर्धा तास झाला तरी तीच. बाया मागून विचारायला लागल्या, "आपली सोमारी कधी येते?" मी म्हणाले, थांबा, येईल.

आली. आधी झाडामागून नुसता हात आला. मनगटापासून कोपरापर्यंत गोंदण, ठिपका न ठिपका तोच. मग मोकळे केस, गळ्यात हाडांची माळ, काळ्या रंगानं माखलेला चेहरा. टोल्याची दाई, पण चेटकीण. अडलेल्या बाईचं बाळ तिला देवाला बळी द्यायचं असतं. भोवती पानं गुंडाळलेले पुरुष भाले घेऊन नाचतात. आमच्या टोल्यावरचे पुरुष पँट घालतात आणि मोबाइलचं बिल भरतात. डॉक्टरीण त्या चेटकिणीला ढकलून देते आणि पायाळू बाळ सोडवते. मी लिहिलं होतं अगदी तसंच, हात कुठे घातला, पाय कसा वळवला, सगळं. "पाणी गरम करा," हेसुद्धा तीच म्हणते. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सोमारीबाईनं दोन्ही हात पदराखाली घेतले होते. गावाला पोचेपर्यंत ते बाहेर काढले नाहीत.

मी मॅडमना फोन लावला. त्या चिडल्या नाहीत, तेच जास्त लागलं. समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "ताई, प्रेक्षकाला नायिकेत स्वतःला बघता यायला हवं."

"आणि सोमारीबाईनं स्वतःला कुठं बघायचं?"

"शेवटी त्यांचे आभार मानलेत की आपण."

टोल्यावरच्या लोकांनी सोमारीबाईला काय बोलावं? त्यांच्या घराघरात तिच्या हातची पोरं. पण दीपिका घुग्घुसहून टोल्यावरच्या एका घरात सून म्हणून आलेली. तिचे वडील कोळसा खाणीत, पोर शहरात वाढलेली, त्याच समाजाची. सिनेमा तिनं मोबाइलवर बघितला होता. एप्रिलमध्ये माझ्याच उपकेंद्रात ती बाळंत झाली. तिसऱ्या दिवशी सोमारीबाई नेहमीसारखी कोमट तेलाची वाटी घेऊन बाळाला न्हाऊ घालायला आली आणि तिनं हात पुढे केले. दीपिकानं त्या हातांकडे बघितलं आणि बाळाला छातीशी घट्ट धरलं.

"राहू द्या, बाई. मीच धुते."

सासू रागावली, मी रागावले. दीपिका रडायला लागली, पण बाळ काही तिनं सोडलं नाही. सोमारीबाईनं वाटी खाली ठेवली. "रडवू नका तिले, दूध आटन," एवढं म्हणून ती निघून गेली. त्यानंतर ती उपकेंद्रात आली नाही.

आठवड्यानं मी तिच्या घरी गेले. अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. भर उन्हात लुगड्यावर नवऱ्याचा लांब बाह्यांचा सदरा घातलेला, मनगटाची बटणंसुद्धा लावलेली. मी उभ्या उभ्याच बोलत सुटले. वकील बघते, तक्रार करते, पेपरात लिहिते, सगळं खरं खरं लिहिते.

"लिवू नका," ती म्हणाली. "तुमी लिवलं म्हून तं ते आले."

"त्या बाईनं फसवलं, सोमारीबाई. तुम्हाला आणि मलाही."

तिनं फुलं सारखी केली, कंबर सरळ केली आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

"तिचा राग नाई मले. तिले मी वळखत नोहोती," ती म्हणाली. "अंगठा देऊ का, हे मी तुमाले इचारलं होतं."